करवंटीभर राख

पूर ओसरला की आमच्या बनारसला आठ-दहा दिवस एकच वास असतो, ओल्या गाळाचा. गंगा चढते तेव्हा घाटच्या घाट गिळते, आणि उतरते तेव्हा मुकाट्यानं उतरते, पण जाताना पायरी-पायरीवर हातभर गाळ ठेवून जाते. मग माणसं पंप लावतात आणि जाडजूड नळ्यांनी तो गाळ परत नदीत लोटतात. उरलेला उन्हानं तडकतो. त्याच्या पापुद्र्यांवर कुत्री निवांत झोपतात. खालची पायरी मात्र ओलीच राहते आणि तिच्यावर हिरवी काई धरते. शेवाळ म्हणायला हवं, मला माहीत आहे. पण आमच्या घरात काईच म्हणत आले, आणि या वयात शब्द बदलून काय मिळवायचं आहे!

यंदा पाणी उतरल्यावर मी अमृतराव घाटाच्या वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. नळीवाला म्हणाला, "माताजी, हट जाइए, छींटा पड़ेगा." याच घाटावर मी आधी बिटिया होते, मग दीदी, मग बरीच वर्षं बहनजी. आता माताजी. मी चार पायऱ्या उतरले. माझी उतरण्याची एक रीत आहे. पाय ठेवायचा, थांबायचं, मग त्याच्यावर वजन द्यायचं. मागं सोलापूरकडचं एक यात्रेकरू कुटुंब खोळंबलं होतं. इथल्या म्हातारीला मराठी कुठलं कळायला, अशा भरवशावर त्यातल्या सुनेनं नवऱ्याला विचारलं, की या आजीबाईंना ओलांडून जाऊ या का. मी बाजूला सरले आणि शुद्ध मराठीत म्हटलं, जा बाई, पण थांबून उतर. तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पुढं न जाता मी तिथूनच परत फिरले.

हा वास आला की मला एकच कार्तिक आठवतो. मी तेव्हा अकरावीत होते. त्या कार्तिकात माझ्या एका वाक्यामुळं माझी आत्या घाटावर पडली. माझ्यामुळंच, असं मला वाटतं. पन्नास वर्षं वाटत आलं आहे. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. ज्या एका माणसाला सांगायला हवं होतं तिनं मला सांगू दिलं नाही.

आत्या म्हणजे मथुआत्या, बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षांतच कपाळ पुसून ग्वाल्हेरहून माहेरी परतली ती कायमची. दूधविनायकाच्या गल्लीत आमच्या भाड्याच्या तीन खोल्या होत्या. बाबा रेल्वेत बाबू. क्रियाकर्मासाठी देशावरून जे मराठी यात्रेकरू येत त्यांचा सोवळ्यातला स्वयंपाक आत्या करायची. पिंडाचा भात शिजवता शिजवता ती रडणाऱ्या माणसांना हसवायची. कुणी फार गळा काढला तर म्हणायची, आधी दोन घास खा, रडायलाही ताकद लागते. तिची जीभ तिखट होती आणि हात हलका होता. तिच्या बोटांना कायम तुपाचा आणि राखेचा वास यायचा.

कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत तिचं कार्तिकस्नान. पहाटेचं, एकही दिवस न चुकता, कितीतरी वर्षांचं. आणि नेमका तोच महिना घाट निसरडे असण्याचा. गाळ उपसायला तेव्हा पंप नव्हते. फावडी, घमेली आणि ज्यांचा घाट त्यांचे हात. काम महिना-महिना चालायचं, आणि स्नान काही थांबत नसे. आत्यानं त्यावर स्वतःचा तोडगा काढला होता. संध्याकाळी चूल निवली की गोवऱ्यांची राख ती चाळायची, घासून गुळगुळीत केलेल्या एका करवंटीत भरायची, वरून बोट फिरवून सपाट करायची आणि जिन्याजवळच्या कोनाड्यात ठेवून द्यायची. पहाटे एका हातात ताम्हन-लोटा, दुसऱ्या हातात करवंटी.

घाटावर पोचली की तिची पूजा पाण्यात नव्हे, पायऱ्यांवरच सुरू व्हायची. पायरीपाशी थांबायचं. चिमूटभर राख टाकायची. 'केशवाय नमः' म्हणत पाय ठेवायचा. नाव पुरतं उच्चारून होईपर्यंत त्या पायावर वजन द्यायचं नाही. मग दुसरा पाय त्याच पायरीवर. पुढची पायरी, 'नारायणाय नमः'. चोवीस नावं संपली की पुन्हा केशव. मागून येणाऱ्या बायका तिच्या राखेवर पाय ठेवत एका ओळीत उतरायच्या. काहीजणी कुरकुरायच्या, की मथुराबाईंच्या मागं लागलं तर सूर्य डोक्यावर येईल. आत्या म्हणायची, "जल्दी काय आहे? गंगा काय पळून चाललीय?"

घरी आली की तिचे गुडघे मात्र ठणकायचे. रात्रीचं जेवण आटोपायच्या आधी मी मोहरीचं तेल कोमट करून तिच्या गुडघ्यांना चोळायची. ते काम माझं होतं आणि मला ते आवडायचं. चोळता चोळता मी तिला शाळेतलं सगळं सांगत असे, आणि ती सगळं ऐकत असे. तिची स्वतःची शाळा चौथीत संपली होती. पण मी सायन्स घेतलं याचा तिला बाबांपेक्षा जास्त अभिमान होता. येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूला ती सांगायची, आमची कुमुद फिजिक्स शिकते. फिजिक्स म्हणजे काय हे तिला कुणी विचारलं नाही हे तिचं नशीब.

त्या आठवड्यात आमच्याकडं घर्षणाचा प्रयोग चालू होता. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट, अंधारी खोली. रॉकेलचा आणि जुन्या लाकडाचा वास. टेबलावर एक फळी, फळीवर हुक लावलेला लाकडी ठोकळा. हुकाला दोरी, दोरी फळीच्या टोकाच्या कप्पीवरून खाली, आणि खाली लोंबकळणारा पलडा. पलड्यात वजनं टाकत जायची. ठोकळा हलत नाही. आणखी टाका, तरी हलत नाही. त्याची ती हट्टी शांतता मला फार आवडली होती. आपण जेवढं ओढावं तेवढंच तो मागं धरतो, थोडं ओढलं तर थोडं, जास्त ओढलं तर जास्त. आणि मग एका क्षणी, एका चिमुकल्या वजनानं, तो सुटतो आणि सरसर कप्पीला जाऊन आदळतो. ते उभ्याचं घर्षण, स्थिर घर्षण.

मग आम्हाला फिजिक्स शिकवणाऱ्या बहनजींनी दुसरा भाग दाखवला. पलड्यात कमी वजन ठेवायचं आणि फळीवर बोटानं हलकीच टिचकी मारायची. टिचकीनं ठोकळा जागचा सुटतो, आणि एकदा सुटला की त्या कमी वजनावरही संथपणे चालत राहतो. म्हणजे हलवायला जोर जास्त लागतो, हलतं ठेवायला कमी. गतिज घर्षण स्थिर घर्षणापेक्षा कमी असतं. माझे आकडे इतके सुरेख जुळले की बहनजींनी माझी वही वर्गभर फिरवली. झालं. मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले.

त्याच संध्याकाळी घाटावर रामधनी मल्लाहाची नाव गाळातून ओढत होते. पुरात वर बांधलेली नाव पाणी उतरल्यावर पायऱ्यांवर कोरडी पडली होती. आठ-दहा माणसं खांदा लावून रेटत होती, हाका देत होती, आणि नाव तसूभर हलत नव्हती. मग कुणीतरी बाजूनं एक दणका दिला. नाव करकरली, सुटली, आणि गाळावरून घसरत निघाली. रामधनी ओरडला, "चल पड़ी है, अब रुकना मत." मी तिथं उभी राहून एकटीच हसत होते. सकाळी पुस्तकात वाचलेलं संध्याकाळी गंगेकाठी खरं ठरताना पाहिलं, असा आनंद मला नंतर कधी झालेला नाही.

तो आनंद घेऊन मी घरी आले आणि तेलाची वाटी घेऊन आत्याच्या पायाशी बसले. आधी तिला ठोकळा सांगितला, मग नाव सांगितली. आणि मग ते वाक्य बोलले.

"आत्या, तुझे गुडघे दुखतात ते थांबण्यामुळं. दर पायरीला तू चाल मोडतेस आणि दर पायरीला नव्यानं सुरू करतेस. सुरू करायलाच जोर जास्त लागतो. एकदा निघालीस की थांबू नकोस. पुस्तकात लिहिलंय."

"आणि राख?"

"राखेसाठीच तर थांबतेस ना!"

ती हसली. माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाली, बघू हो मास्तरीणबाई, इतकी वर्षं आम्ही वेडेच. मग गुडघ्यावरचा पदर सारखा करून उठली आणि रोजच्यासारखी चुलीतली राख चाळायला बसली. बोट फिरवून तिनं ती सपाट केली आणि करवंटी कोनाड्यात ठेवली. मी पाहत होते. म्हणजे संध्याकाळपर्यंत तरी तिनं माझं ऐकलं नव्हतं.

मी काय चुकले होते ते मला कळायला पुढं दोन वर्षं लागली. चूक साधी आहे, अकरावीतली बहुतेक मुलं करतात. त्यांना वाटतं घर्षण म्हणजे चालणाऱ्याला मागं ओढणारा वैरी, तो जितका कमी तितकं चालणं सोपं. नावेच्या बाबतीत ते खरं आहे. नाव तळ घासत जाते, तिला घर्षण नकोच असतं. पावलाचं उलटं आहे. टेकलेलं पाऊल हलत नसतं, ते उभ्याच्या घर्षणानं जमिनीला धरून असतं, आणि त्या धरण्यावर माणूस पुढं जातो. पाऊल सरकलं की ते थोरलं घर्षण संपतं आणि धाकटं उरतं. म्हणून तर घसरायला लागलेला पाय सावरत नाही. आत्या दर पायरीला थांबून पावलाला ते थोरलं घर्षण मिळवून देत होती, नावं घेत, राख टाकत. चौथी शिकलेल्या बाईला सगळं बरोबर ठाऊक होतं, आणि मी तिला रामधनीची नाव समजले.

दुसऱ्या दिवशी आई बाजूला बसलेली होती. तेव्हा घरोघर ते चार दिवस पाळत, त्यामुळं ती आत्याबरोबर स्नानाला गेली नाही. तिच्या जागी मी जायला हवं होतं. आत्यानं हाक मारली होती, मला आठवतं. मी पांघरुणातून 'हं' म्हटलं आणि कूस बदलली. ती माझ्यासाठी थोडा वेळ थांबली, मग जिन्यावरून खाली गेल्याचं ऐकू आलं. त्यानंतर मी परत झोपले.

जाग आली ती गल्लीतल्या गलक्यानं. रामधनी आणि आणखी तिघं तिला नावेच्या फळीवर घालून घेऊन येत होते. ती पांढरीफटक पडली होती आणि ओठ घट्ट मिटलेले होते. लुगडं एका बाजूनं गाळानं माखलं होतं. रामधनी बाबांना पुन्हा पुन्हा तेच सांगत होता.

"आज माताजी रुकीं ही नहीं, बाबूजी. बस उतरती चली आईं."

बाबा म्हणाले, वहिनी बरोबर नाही म्हणून घाई केली असेल बिचारीनं. त्यांनी 'वहिनी' म्हटलं, स्वतःच्या बायकोला, इतके ते गडबडून गेले होते. सगळे खाली तिच्याभोवती जमले होते. मी जिन्यात उभी होते. मी मान वळवली आणि कोनाड्यात पाहिलं. करवंटी तिथंच होती. काठोकाठ भरलेली, वरून बोट फिरवलेली, एक चिमूटही न मोडलेली.

यानंतर मी जे केलं ते ज्या मुलीनं केलं ती मला आजही परकी वाटते. मी करवंटी उचलली, माझ्या जुन्या परकराच्या तुकड्यात बांधली आणि माझ्या पुस्तकांच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवली. हे सगळं तिला इस्पितळात नेण्यासाठी रिक्षा येईपर्यंत आटोपलं होतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी तिला पलंगावर निजवून पाय ताणून ठेवला. चौथ्या दिवशी आई सुटी झाल्यावर तिच्याबरोबर मी पहिल्यांदा भेटायला गेले. मी दारातूनच पाहिलं. पलंगाच्या टोकाला एक कप्पी होती. आत्याच्या पायाला बांधलेली दोरी त्या कप्पीवरून खाली गेली होती आणि खाली वजनं लोंबकळत होती. माझ्या टेबलावरचाच प्रयोग कुणीतरी मोठा करून मांडला होता, फक्त ठोकळ्याच्या जागी ती होती.

आई तिच्या उशाशी बसून हळहळत होती. म्हणाली, राख टाकून उतरणारी तुम्ही, तुमचा पाय कसा गेला? त्या दिवशी राख विसरलात की काय? पण घरीही करवंटी कुठं दिसली नाही ती. मग आईनं माझ्याकडं पाहिलं. कुमुद, कोनाड्यात होती का गं करवंटी?

"नाही," मी म्हटलं.

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही, एक नाव घ्यायला लागतो तेवढाच वेळ. मग आईला म्हणाली, "नेली होती ना बरोबर. काई होती, पैर फिसलला. करवंटी हातातनं सुटली, गंगेत गेली."

आईचं समाधान झालं. तिनं मोसंबं सोलायला घेतलं. मी पलंगाखालच्या वजनांकडं पाहत राहिले, ती जराशी हलत होती.

आत्या त्यानंतर अकरा वर्षं जगली आणि पुन्हा कधी घाट उतरली नाही. काठी टेकत खोलीतल्या खोलीत फिरायची. गंगा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण आमच्या खिडकीतून दिसते ती समोरची भिंत. पूर आला की पाण्याचा आवाज मात्र गल्लीपर्यंत येतो, आणि तो आला की ती खिडकीशी जाऊन बसायची. कार्तिकात मी रोज पहाटे जाऊन तिच्यासाठी लोटाभर पाणी आणायची. ती ते अंगावर शिंपडून घ्यायची आणि मग चहा प्यायची. मी निघताना दर पहाटे ती पलंगावरून एकच वाक्य बोलायची.

"थांबून उतर गं."

अकरा कार्तिक. ते वाक्य काळजीचं होतं की टोमण्याचं, हे मला एकाही पहाटे ठरवता आलं नाही. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. पण तिच्या आवाजात काय आहे आणि काय नाही हे ऐकणारे कान माझेच होते, आणि त्या कानांवर माझा विश्वास उरला नव्हता. घाटावर दिवे तरंगत असत, बांबूंच्या टोकांना आकाशदीप लागलेले असत, मागं-पुढं बायका गात असत, आणि मी प्रत्येक पायरीवर थांबून तिचं वाक्य ऐकत असे. अजूनही ऐकते. ती गेली आणि आवाज माझ्याकडं राहिला.

मी पुढं भौतिकीचीच मास्तरीण झाले. ज्यानं चटका बसला त्याच विस्तवाशी संसार केला म्हणा. मुलींच्या इंटर कॉलेजात हिंदीतून शिकवलं. घर्षणाचा धडा दरवर्षी नेमका पाणी उतरायच्या सुमाराला यायचा. दरवर्षी कुणीतरी चुणचुणीत मुलगी उठून सांगायची, घर्षण गति का विरोध करता है. मी विचारायची, मग तू घरून इथवर आलीस कशी? मग मी फरशीवर साबणाचं पाणी ओतायची आणि तिला त्यावरून चालायला लावायची, तिचे दोन्ही हात माझ्या हातांत घट्ट धरून. बाकीच्या शिक्षिका चेष्टा करायच्या, की हिचा वर्ग सुटला की आधी पोछा मारावा लागतो. एका धड्याला मी पंधरवडा घालवायची आणि प्राचार्य कपाळाला हात लावायच्या. पण माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही मुलीनं घरी जाऊन कुणा म्हातारीला न थांबता उतरायला सांगितलं नसेल, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकते.

एकदा मी सांगायचा प्रयत्न केला. नोकरी लागून तीन-चार वर्षं झाली होती. उन्हाळ्याची दुपार. आई-बाबा कुणाच्या लग्नाला गेले होते आणि घरात आम्ही दोघीच होतो. आत्या भिंतीला टेकून वाती वळत होती. पेटी माझ्या खाटेखाली, तिच्यापासून दोन हातांवर. मी सकाळपासून शब्द जुळवत होते.

"आत्या, ती करवंटी..."

"गंगेत गेली."

"आत्या, नाही गेली."

तिनं वात पुरती वळली, ताटात ठेवली आणि पुढचा कापूस घेतला. मग म्हणाली, "कुमुद, गंगेत गेलेलं परत काढू नये. कुणाच्या तरी पायाखाली येतं."

मला तिचा राग आला. आज लिहायला लाज वाटते, पण खरंच फार राग आला. क्षमा मागायचीही संधी न देता तिनं ती देऊन टाकली होती. मला पाहिजे होतं की तिनं मला बोलावं, तुझ्यामुळं माझी गंगा सुटली म्हणावं, हातातलं ताट फेकावं. मी आणखी जोर करून काही बोलले असते तर तिनं तेवढ्याच जोरानं ते परतवलं असतं. प्रयोगशाळेतला ठोकळा असाच वागत असे. त्या दुपारी एखाद्या टिचकीची गरज होती. दारावर कुणीतरी यायला हवं होतं, एखादं भांडं पडायला हवं होतं. काही झालं नाही. मी उठून चहा ठेवला आणि आम्ही दोघींनी तो प्यायला.

त्याच वर्षी थंडीत ती गेली. झोपेत, कुणाला न उठवता. तिच्या शेवटाबद्दल मला एवढंच सांगायचं आहे. आमच्या गल्लीतून मणिकर्णिकेची वाट जवळची. खांदेकरी जवान होते, थंडी कडाक्याची होती, आणि इथं प्रेत घेऊन जाताना माणसं जवळजवळ धावतात. बायका तेव्हा मागं जात नसत. मी दारात उभी होते. तिरडी गल्लीच्या टोकाला वळली आणि उताराला लागली, आणि रामनामाचा घोष एकदम भरभर दूर गेला. त्या उतारापुढं पायऱ्या आहेत. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की थांबून उतरा. मी तोंडावर पदर दाबला. शेजारची काकू समजली की मी आता रडते आहे, आणि तिनं मला जवळ घेतलं.

आता घरात मी एकटीच आहे. चूल जाऊन गॅस आला त्यालाही जमाना झाला. शुद्ध गोवऱ्यांची राख आता मागूनही मिळत नाही. गुडघे माझेही ठणकतात आणि तेल मीच चोळते. यंदा त्या सोलापूरच्या सुनेला वाट देऊन मी घाटावरून परत आले, ती सरळ खाटेखाली वाकले आणि पेटी ओढली. ती पहिल्यांदा हलेना. फरशीला गंजून चिकटली होती. दोन्ही पाय भिंतीला लावून जोर केला, तेव्हा एकदम सुटून माझ्या अंगावर आली.

परकराचा तुकडा हातात धरताच फाटला. आत करवंटी धड होती. राखेचा मात्र गोळा झाला होता, इतक्या पावसाळ्यांची ओल तिनं प्यायली होती. तरी वरच्या बाजूला, मध्यभागी, बोट फिरवल्याची खळगी होती. मी त्या खळगीत माझं बोट ठेवलं. ते तिच्या बोटापेक्षा जाड आहे. मग मी तो गोळा उन्हात वाळवला, अंगठ्यानं फोडला, पिठाच्या चाळणीनं चाळला. संध्याकाळी राख परत भरून वरून सपाट केली आणि करवंटी कोनाड्यात ठेवली.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी करवंटी घेऊन निघाले. घाटावर नळ्या अजून सुरू झाल्या नव्हत्या. पहिल्या पायरीपाशी थांबले, चिमूट टाकली, केशवाय नमः. पाय ठेवला, नाव पुरतं होऊ दिलं, मग वजन दिलं. माझ्या मागं दोन-तीन बायका आल्या आणि मी काय करते ते पाहून निमूट माझ्या राखेवर पाय ठेवत उतरू लागल्या. आत्या पडली ती जागा रामधनीनं मला मागं दाखवली होती, नाव बांधायच्या लोखंडी कडीपासची पायरी. तिथं मी दोन चिमटी टाकल्या. तिथं थांबून मी तिला सगळं सांगितलं, मोठ्यानं, मराठीत. मागच्या बायकांना ते पूजेतलंच काही वाटलं असावं, त्या हात जोडून उभ्या राहिल्या.

मग उरलेल्या पायऱ्या उतरले, प्रत्येकीवर थांबत. पाय पाण्याला लागला तेव्हा करवंटीत पाहिलं. राख शेवटच्या पायरीपर्यंत पुरली होती. थोडी उरलीसुद्धा.